दोन गिल्बर्ट, एक काठी

मेरियनने दार आतून लावून घेतलं आणि सिसली हातात गरम बिअरचा वाडगा घेऊन बाहेरच राहिली.

आत सिसलीचे सासरे अँब्रोज थर्लो पलंगावर होते. फेब्रुवारीपासून त्यांची छाती भरली होती. आता ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू होते आणि श्वास घेताना त्यांच्या घशातून भांडं खरवडल्यासारखा आवाज येत होता. उशाशी मेरियन, त्यांची दुसरी बायको. पलंगासमोर हम्फ्री डाउसिंग आणि माइल्स केरिच ही गावातली दोन कुळं. या दोघांना सकाळी सिसलीच्याच नवऱ्याने शेतातून बोलावून आणलं होतं.

थॉर्नफर्ड गावात जमीन जमीनदाराची, बाकी सगळी कुळं. कुळाला आपली जमीन पुढे कोणाच्या नावे करायची असेल, तर जमीनदाराच्या कचेरीत जाऊन कारभाऱ्याच्या हातात काठी द्यायची आणि नाव सांगायचं. मरणाऱ्या माणसाला कचेरीपर्यंत जाता येत नाही, म्हणून त्याच्याकडे दोन कुळं येतात. काठीचं एक टोक तो धरतो, दुसरं ते दोघं. तो नाव घेतो. पुढची कचेरी भरेल तेव्हा हे दोघं ते नाव तिथे सांगतात.

दार उघडलं. काठी डाउसिंगच्या हातात होती.

"झालं?" सिसलीने विचारलं.

"झालं. काठी स्वतः धरली. शुद्धीत होते."

"कोणाचं नाव घेतलं?"

"गिल्बर्टचं."

"'माझा मुलगा गिल्बर्ट,'" केरिचने भर घातली. "अगदी स्वच्छ. माझ्या या कानालासुद्धा ऐकू आलं, म्हणजे बघ."

सिसली वाट बघत राहिली.

"कोणता गिल्बर्ट?" ती म्हणाली.

डाउसिंगने हातातल्या काठीकडे पाहिलं, जणू ते तिच्यावर कोरलेलं असणार. केरिच टोपी शोधायला लागला. ती त्याच्या डोक्यावरच होती.

"ते काय विचारायचं," आतून मेरियन म्हणाली. "माझ्या नवऱ्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलंय."

सिसली आत गेली. सासऱ्यांचे डोळे मिटलेले होते. तिने हाक मारली, वाडगा ओठांशी नेला, त्यांचा हात हलवला. त्यांनी दोन घोट घेतले, पण शब्द काही फुटला नाही. त्यानंतर ते कोणाशीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी वारले.

अँब्रोज थर्लोंना दोन मुलगे आणि दोघांचंही नाव गिल्बर्ट. गावात यात कोणाला नवल वाटत नव्हतं. पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्याशी धरतो तो धर्मबाप आपलं नाव देतो, आणि थर्लोंनी दोन्ही वेळा धर्मबाप म्हणून गिल्बर्ट ऑल्डस नावाच्या एकाच म्हाताऱ्याला धरलं होतं. ऑल्डसला मूलबाळ नव्हतं, जमीन मात्र पुष्कळ होती. पहिल्या बायकोचा मुलगा झाला तेव्हा ऑल्डसने त्याला नाव दिलं आणि एक चमचा दिला. ती बायको गेली, मेरियन आली, तिला मुलगा झाला. तेव्हाही ऑल्डसने नाव दिलं आणि तसलाच आणखी एक चमचा दिला. मग ऑल्डस मेला आणि सगळं पुतण्याला ठेवून गेला. "थर्लोने एकाच डबक्यात दोनदा गळ टाकला आणि दोन चमचे धरले," असं लोक अजून म्हणायचे.

थोरला गिल्बर्ट एकतीस वर्षांचा, सिसलीचा नवरा. धाकटा सतराचा, मेरियनचा. घरात एकाला थोरला म्हणत, एकाला धाकटा. पण म्हातारा बाप दोघांनाही नुसतं गिल्बर्टच म्हणायचा. ज्याला बोलावलं असेल त्याला ते आवाजावरून कळायचं, आणि आता आवाजच नव्हता.

सिसलीने त्या रात्रीपासून एकच हिशेब डोक्यात ठेवला. जमीन नवऱ्याची झाली तर घर तिचं. धाकट्याची झाली तर तिने, नवऱ्याने आणि दोन वर्षांच्या मुलाने, वॉटने, निघायचं. नवऱ्याने याच साठ एकरांवर पंधरा वर्षं नांगर धरला होता. बाहेर गेला तर दुसऱ्याच्या शेतावर मजूर. तिच्या माहेरी भाऊ, भावजय आणि त्यांची पाच पोरं दोन खोल्यांत राहत होती.

म्हाताऱ्याचं मृत्युपत्र होतं. ख्रिसमसच्या सुमारास गावच्या पाद्र्याने लिहिलेलं. तेव्हा राणी बदलून महिनाच झाला होता, नवी राणी कोणता पंथ चालवणार ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आत्मा नुसता देवाच्या स्वाधीन करायचा की संतमंडळींच्याही, हे पाद्र्याला ठरवता येईना. शेवटी त्याने तिथला शब्द इतका बारीक लिहिला की वाचताच येऊ नये. पण त्या कागदात जमिनीचं काही नव्हतं. जमीन कागदावर जातच नाही, काठीवर जाते. कागदात होती जंगम मालमत्ता: पिसांच्या गाद्या, कथलाची ताटं, पितळी हंडे, गाई, चीजचे साचे. त्यातला एक पलंग थोरल्याला, एक घोडी धाकट्याला आणि बाकी सगळं मेरियनला. शिवाय चुलीशेजारची खोली तिला मरेपर्यंत.

पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी मेरियनने सुताराला बोलावलं आणि पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांच्या काचा काढून घेतल्या.

"हे काय चाललंय?" थोरला शेतातून आला तो दारातच थबकला.

"काच जंगम असते," मेरियन म्हणाली. "पाद्र्याला विचार. भिंत ज्याची त्याची, काच माझी."

"ती तुमचीच आहे. पण तिथे राहिली असती तर काय बिघडलं असतं?"

"तिथे राहिली असती तर उद्या तू म्हणाला असतास, ती भिंतच आहे."

काचा गोधड्यांत गुंडाळून तिने आपल्या पलंगाखाली ठेवल्या. खिडक्यांना तेल लावलेलं कापड ठोकलं. खोलीत दिवसाही संध्याकाळ झाल्यासारखी वाटायची आणि मार्चचा वारा कापडाला आतबाहेर हलवायचा. धाकटा जेवताना म्हणाला, "आपण एखाद्या म्हाताऱ्या गाईच्या पोटात बसलोय." तो एकटाच हसला. त्याने वॉटला मांडीवर घेतलं होतं आणि त्याला आपल्या वाडग्यातलं भरवत होता. सिसलीने वॉटला उचलून घेतलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. धाकट्याने तिच्या केसालाही कधी धक्का लावला नव्हता.

दोन्ही बायका फक्त एकदा एक झाल्या. कूळ मेलं की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदार घेतो. त्याचा माणूस येणार म्हणून कळलं तेव्हा मेरियनने तांबड्या गाईच्या अंगाला शेण फासलं, सिसलीने तिला गोठ्याच्या पार कोपऱ्यात बांधलं, आणि दोघी पुढच्या दोन म्हातारड्यांना खरारा करत उभ्या राहिल्या. माणूस आला, सरळ कोपऱ्यात गेला आणि शेणाने भरलेली गाय सोडून घेऊन गेला. "एवढं शेण फासायला चांगलीच गाय लागते," तो जाताना म्हणाला. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याला कोणी सांगितलं असेल, याचा विचार दोघीही करत होत्या.

ईस्टर झाला. कचेरी त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात भरणार होती. सिसलीला झोप येत नव्हती. थोरला मात्र गाढ झोपायचा, आणि हेच तिला खटकायला लागलं. ज्याचं घर जाऊ शकतं तो माणूस असा घोरतो कसा?

एक दिवस ती शेतावर भाकरी आणि चीज घेऊन गेली. तो जवाच्या पेरणीनंतर दंताळं फिरवत होता. बांधावर बसल्यावर तिने विचारलं.

"तुम्हाला काळजी वाटत नाही?"

"कसली?"

"कचेरीची."

"जमीन आपलीच आहे," तो चीज कापत म्हणाला.

"कशावरून?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेतात कावळे सोडून कोणी नव्हतं. "तुला इथली रीत माहीत आहे? बाप काही न बोलता मेला, तर जमीन कोणाला?"

"थोरल्याला."

"नाही. या गावात धाकट्याला."

सिसलीला वाटलं, तो थट्टा करतोय.

"खरंच. नदीपलीकडे थोरल्याला, इथे धाकट्याला. पूर्वीपासून. पण चाळीस वर्षांत ती वेळच आली नाही. कोणाला एकच पोरगा, कोणाला पोरीच, कोणी जिवंतपणीच कचेरीत जाऊन दिलेली. कचेरीतल्या म्हाताऱ्या पंचांना माहीत आहे. मला बाबांनी सांगितलं, मी अठराचा असताना. म्हणाले, मी काठी धरेन तेव्हाच तुझं काही होईल." त्याने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. "आता विचार कर. धाकट्याला जमीन आपोआप मिळणार होती. त्यासाठी कोणाला बोलवायला नको, काठी नको, काही नको. मग बाबांनी काठी कशाला धरली?"

सिसलीने विचार केला. जे हात न लावता होणारच आहे, ते करण्यासाठी मरायला टेकलेला माणूस उठून बसत नाही. काठी उचलली, याचाच अर्थ रीत मोडायची होती, आणि रीत मोडायची तर ती एकाच बाजूला मोडू शकते. तिला यात कुठे भेग दिसेना.

"मग हे तुम्ही घरात का नाही सांगितलंत?"

"कोणाला? तिला?" तो हसला. "तिला वाटतंय तिने लढाई जिंकलीय. कचेरीपर्यंत वाटू दे."

परत येताना सिसली ओढ्याशी थांबली. तिच्या मनात एक गोष्ट घुसली होती आणि ती बाहेर पडेना. हे सगळं खरं, पण एका अटीवर: काठी धरायचं म्हाताऱ्याच्या मनात आलं असेल तर. त्या सकाळी तीच त्यांना पुसायला गेली होती. त्यांनी पाणी मागितलं होतं, तेही बोटाने. मग डाउसिंग आणि केरिचला बोलवा, एवढं लांब वाक्य त्यांनी कधी उच्चारलं?

तिने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "त्या दोघांना बोलवायला बाबांनी तुम्हाला सांगितलं ना?"

"हो."

"तुम्ही खोलीत होतात?"

तो बूट काढत होता. "मेरियन बाहेर येऊन म्हणाली, त्यांनी बोलावलंय. एकच झालं."

सिसलीला ते एकच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरियन दुधाच्या खोलीत चीज दाबत होती. सिसली चीजमधून गळलेलं पाणी, ती निवळ, काढून भांड्यात भरायला लागली.

"त्या दिवशी बाबांना शब्द फुटत नव्हता," सिसली म्हणाली. "काठीचं कसं सुचलं त्यांना?"

"का विचारतेस?"

"सहज."

"या घरात सहज काही होत नाही, पोरी. परवा माझ्या पलंगाखाली सहजच वाकली होतीस ना, काचा आहेत का बघायला?"

"वॉटचा चेंडू गेला होता."

"वॉटचा चेंडू." मेरियनने साच्यावर दगड ठेवला आणि हात कमरेवर घेतले. "ऐकायचंय ना? ऐक. त्यांना काही सुचलं नव्हतं. मी तीन दिवस त्यांच्या कानाशी बसले. म्हटलं, अँब्रोज, आज आहात उद्या नाही, काठी धरा, नाहीतर थोरला सगळं घेऊन बसेल आणि माझं पोर जन्मभर लोकांच्या घोड्यांना खरारा करेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान हलवली. मी जाऊन तुझ्याच नवऱ्याला सांगितलं, जा, बोलावून आण. काय पळाला गं. मला तर कीवच आली."

"थोरला सगळं घेऊन बसेल, असं का वाटलं तुम्हाला?"

"असं का म्हणजे? थोरल्याचंच असतं. लँगमियरला माझ्या थोरल्या भावाने बापाची सगळी जमीन घेतली. बाकीचे तिघे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. म्हणून तर काठी धरायला लावली. मी माझ्या गिल्बर्टसाठी मागितलं आणि ते गिल्बर्ट म्हणाले. आता तू सांग कोणता."

लँगमियर नदीपलीकडे. अठरा वर्षं थॉर्नफर्डमध्ये राहून मेरियनला इथली रीत माहीत नव्हती. कळणार कुठून? कचेरीत बायकांना काम नसतं, आणि चाळीस वर्षांत चर्चा व्हावी असं काही घडलं नव्हतं. तिने तोंड मिटून बसायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. काही न करता सगळं तिच्या मुलाचं झालं असतं.

"हे तुम्ही कचेरीत सांगणार?" सिसलीने विचारलं. तिचा आवाज तिला परका वाटला.

"डाउसिंग म्हणतो, अजिबात सांगू नका. मरणाऱ्या माणसाच्या मागे लागून बायकोने वदवून घेतलं म्हणतील, आणि सगळंच फुकट जाईल."

डाउसिंगने सहा वर्षांपूर्वी बाहेरून येऊन इथली जमीन घेतली होती. त्यालाही रीत माहीत नसणार. आणि म्हणून तो जे सांगत होता ते नेमकं उलटं होतं. काठी मागे लागून धरायला लावली, एवढं पंचांना कळलं की काठी रद्द. काठी रद्द झाली की रीत. आणि रीत म्हणजे धाकटा.

सिसलीने निवळीचं भांडं उचललं आणि बाहेर गेली. ते डुकरांना घालायचं होतं. ती गोठ्यापर्यंत जाऊन तशीच परत आली.

रात्रीपर्यंत थांबणं तिला जमलं नाही. थोरला घोड्याचा नाल बघत अंगणात वाकला होता.

"मेरियनला रीत माहीत नाही, हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हळू बोल."

"तिने बोलवायला सांगितलं तेव्हाच तुम्हाला कळलं, की ती स्वतःच्या पोराच्या पायावर धोंडा पाडतेय. म्हणून पळालात."

त्याने घोड्याचा पाय खाली सोडला. "मी कोणाला खोटं बोललो? तिने म्हटलं जा, मी गेलो."

"बाबांच्या मनात धाकटाच होता."

"हे तुला कोणी सांगितलं? तिने?" तो आता चिडला होता. "बाबा तीस वर्षं पंच होते. त्यांना रीत माहीत होती की नव्हती? धाकट्याला द्यायचं असतं, तर तिला म्हणाले असते, गप बस बाई, त्याचंच आहे. दोन शब्दांचं काम. ते नाही म्हणाले. तिला बोलू दिलं, काठी धरली, आणि असं नाव घेतलं की ती खूश आणि मीही खूश. मरताना घरात आरडाओरड नको होती त्यांना."

"किंवा थकले होते. ती जे म्हणेल ते म्हणाले."

"किंवा," तो म्हणाला. "तू कोणत्या 'किंवा'त राहणार आहेस? घरात की भावाच्या गोठ्यात?"

दोन्ही अर्थ सारखेच बसत होते. म्हाताऱ्याच्या डोक्यात डोकावायला आता कोणाला जागा नव्हती.

"कारभारी विचारेल, काठी कोणाच्या मनाने धरली," ती म्हणाली. "तुम्ही काय सांगाल?"

"बाबांच्या."

"बायबलवर हात ठेवून?"

त्याने घोड्याचा पाय पुन्हा उचलला. मग म्हणाला, "ठेवून."

मागच्या शरद ऋतूत त्यांची मुलगी गेली होती, सहा आठवड्यांची. खोटी शपथ पोरांवर येते, असं सिसलीची आई म्हणायची, आणि सिसलीने ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. तपासून पाहायची तिची तयारीही नव्हती. वॉट अंगणात कोंबडीच्या मागे धावत होता.

कचेरीच्या दिवशी सकाळी थोरला पुढे गेला. धाकटा घोडीला पाणी दाखवायला गेला. मेरियन चांगला काळा झगा घालून बाकावर बसली होती आणि डोक्याचं कापड टाचत होती. सिसली तिच्यासमोर उभी राहिली.

"आई, कचेरीत विचारलं तर खरं सांगा. तुम्ही मागे लागलात म्हणून त्यांनी काठी धरली, असंच सांगा."

मेरियनच्या तोंडात टाचणी होती. तिने ती काढली.

"का?"

"त्यात तुमचा फायदा आहे. इथे रीतीने धाकट्यालाच मिळतं. काठी रद्द झाली तर जमीन तुमच्या गिल्बर्टची."

मेरियनने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. बाजारात कोंबडीची छाती चाचपून बघावी तसं.

"आणि तू हे मला सांगतेस."

"हो."

"तुझं घर जाईल."

"माहीत आहे."

"मग का सांगतेस?"

"त्यांना शपथेवर खोटं बोलायला लागू नये म्हणून. वॉटसाठी."

"वॉटसाठी." मेरियन हसली, पण आवाज न करता. "धाकट्याला मिळतं म्हणे. अख्ख्या जगात कुठे धाकट्याला मिळतं? पाच वर्षं झाली तुला या घरात येऊन. मला कधी न मागता साधी सुई दिलीस? आणि आज साठ एकर देतेस?"

"केरिचकाकांना विचारा, ते इथले जुने आहेत. चर्चच्या वाटेवर भेटतील."

"म्हणजे त्यालाही पढवून ठेवलंय." तिने टाचणी कापडात खुपसली. "डाउसिंग म्हणाला होता, बघा, शेवटच्या दिवशी कोणीतरी येऊन तुम्हाला बोलायला लावेल. मला वाटलं थोरला येईल. त्याने तुला पाठवलं."

"त्यांनी नाही पाठवलं. त्यांना कळलं तर मला मारतील."

"हेही त्यानेच सांगितलं असेल म्हणायला."

सिसलीने तिचा हात धरायला हात पुढे केला. मेरियनने आपला हात मागे घेतला आणि किल्ल्या कमरेला अडकवल्या.

कचेरी चर्चशेजारच्या लांब खोलीत भरली होती. शहरातून आलेला कारभारी टेबलाशी, समोर बारा पंच, मागे कुळं, आणि दाराशी बायका. डाउसिंग आणि केरिच पुढे गेले. डाउसिंगने काठी टेबलावर ठेवली. दोघांनी एकच नाव सांगितलं, आणि खोलीत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"कोणता गिल्बर्ट, हे मृताने सांगितलं?" कारभाऱ्याने विचारलं.

"नाही, साहेब."

"खोलीत आणखी कोण होतं?"

"बायको."

मेरियनला पुढे बोलावलं. तिने बायबलवर हात ठेवला. सिसलीला तिची फक्त पाठ दिसत होती.

"तुमच्या नवऱ्याने काठी स्वतःच्या मनाने धरली, की कोणी त्यांना तसं करायला सांगितलं? तुम्ही, मुलांनी, आणखी कोणी?"

मेरियन वळली. गर्दीतून तिने सिसलीला शोधलं. सिसलीने मान हलवली, हो म्हणून. सांगा म्हणून. मेरियनच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान आलं. दुकानदाराचा हात तराजूवर पकडल्यासारखं. ती पुन्हा टेबलाकडे वळली.

"कोणीही सांगितलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "त्यांच्या मनाने धरली. कोणाचा शब्द त्यात नव्हता."

"मग मुलांच्या शपथेची गरज नाही," कारभारी म्हणाला, आणि त्याने पंचांना बाजूला जायला सांगितलं.

पंच खिडकीशी जमले. फार वेळ लागला नाही. त्यांच्यातला सर्वांत म्हातारा परत येऊन कुळांकडे तोंड करून बोलला, म्हणजे तरुणांच्या लक्षात राहावं. "या गावची रीत अशी की बाप न सांगता मेला तर जमीन धाकट्याची. त्याला काठी लागत नाही. अँब्रोज थर्लोला ही रीत आमच्याइतकीच माहीत होती. त्याने काठी स्वतःच्या मनाने धरली, असं बायकोनेच शपथेवर सांगितलंय. तेव्हा त्याला रीत बदलायची होती. जमीन थोरल्या गिल्बर्टची."

थोरला पुढे गेला. कारभाऱ्याने काठीचं टोक त्याच्या हातात दिलं. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्याने आधी काठीकडे पाहिलं, मग आईकडे. तो रागावलेला दिसत नव्हता. त्याला अजून नीट कळलं नव्हतं. मेरियनला कळलं होतं.

बाहेर चर्चच्या भिंतीशी तिने सिसलीला गाठलं. लोक अजून आतून बाहेर पडत होते, म्हणून ती हळू बोलली.

"तुला माहीत होतं, मी विश्वास ठेवणार नाही."

"नव्हतं."

"म्हणून तर सांगितलंस. कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. तू आधी येऊन सांगितलंस, आणि त्या शब्दावर थुंकून ठेवलंस. आता तुझा नवरा शपथेतून सुटला, जमीनही मिळाली, आणि तू देवापुढे धुतल्या तांदळासारखी."

"आई, मी खरं तेच सांगितलं."

"ते तर दिसतंच आहे."

सिसलीला म्हणायचं होतं की तसं नाही. तिने मनात सकाळपासूनचं सगळं पुन्हा तपासलं: बाकासमोर ती कशी उभी राहिली, कोणते शब्द निवडले, पाच वर्षांत मेरियनने तिचं काय काय ऐकलं होतं आणि काय काय नाही. केरिचला तिने आदल्या दिवशीच का पाठवलं नाही? त्याचं मेरियनने ऐकलं असतं. हे तिला आत्ता सुचत होतं, की तेव्हाही सुचलं होतं? तिला खात्रीने सांगता येईना.

घरी परतताना थोरला तिच्या बाजूने चालत होता. त्याने विचारलं, "ती वळून तुझ्याकडे का बघत होती?"

"माहीत नाही."

"तू मान हलवलीस."

"माशी होती."

पुढची वाट त्याने तिच्याकडे अधूनमधून पाहतच कापली.

संध्याकाळच्या जेवणाला चौघंही बसले. कापडाच्या खिडकीतून पिवळट उजेड येत होता. मेरियनने वाटाण्याची पेज केली होती. ती नेहमी तीच करायची, आणि यापुढेही याच चुलीवर करणार होती, तिच्या खोलीइतकाच तिचा त्यावर हक्क होता. तिने पळीने चारही वाडगे भरले आणि ज्याचा त्याच्यासमोर ठेवला. धाकट्याने चमचा उचलला तेव्हा तिने त्याचा वाडगा स्वतःच्या वाडग्याशी बदलला, काही न बोलता. कदाचित त्याच्यात जास्त होतं म्हणून.

थोरल्याने भाकरी मोडली आणि हातात धरून ठेवली. सिसलीने वॉटला मांडीवर घेतलं, वाडगा जवळ ओढला आणि फुंकर घालायला लागली. पेज एव्हाना निवली होती. मेरियन अजून खात नव्हती. सिसली फुंकर घालत राहिली आणि मेरियनचा चमचा आधी तोंडाशी जातो का, ते बघत राहिली.